अप्पांचा पामटॉप

आमचे अप्पा हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण त्यांचे हात काही रिटायर झाले नाहीत. बोलायला लागले की दोन्ही हात हवेत. राजेश्वर गावातल्या आमच्या घरी पायरीवरनं घसरून मांडीचं हाड मोडलं, पायाला वजन बांधून पलंगावर उताणं निजवलं, तरी हात चालूच. आणि मी शहाणीनं अशा माणसाच्या हातात एक वस्तू दिली, जी हात हलला की बंद पडायची.

वस्तू म्हणजे दादाचा जुना पामटॉप. तळहाताएवढा संगणक, करड्या पडद्याचा. दादा बेंगळुरूला कंपनीत होता. नवीन काही घेतलं की जुनं गावाकडं आणून टाकायचं, ही त्याची रीत. त्याच रीतीनं एक जुना लॅपटॉपही आला होता, लिनक्स घातलेला, एकेक आज्ञा टाइप करून चालवायचा. "ह्यात लिनक्स कामून?" म्हटलं, तर म्हणाला, "फुकट हाय. आन् तुझं डोकं तरी चालंल." चाललं की! मी हुमनाबादच्या शाळेत गणित शिकवायची, पण एक अक्षर चुकलं म्हणून इतका मख्ख बसणारा विद्यार्थी मला वर्गात कधी भेटला नव्हता.

व्यवस्था अशी होती. लॅपटॉप फोनच्या तारेतनं इंटरनेट घ्यायचा. त्याच्या कडेला नखाएवढी गडद तांबडी काच होती, तिच्यातनं डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडानं तो ते पामटॉपला द्यायचा. पामटॉपलाही तसलीच काच. दोन्ही काचा समोरासमोर, हातभर अंतरात. मधे कुणी आलं की तुटलं. अप्पांना उताण्यानं लॅपटॉप दिसायचा नाही, पामटॉप मात्र तोंडासमोर धरता यायचा. म्हणून स्टुलावर लॅपटॉप, पलंगावर अप्पा, आणि मधल्या जागेत आईलासुद्धा बंदी.

अप्पा बातम्या वाचायचे आणि चिडायचे.

"अप्पा, हात!"

"अगं, पण हा मंत्री काय बोलायलाय बघ की!"

गेलं कनेक्शन. मी पुन्हा स्टुलापाशी उकिडवी.

पडद्यावर प्लास्टिकच्या काडीनं अक्षरं काढायची पामटॉपची स्वतःची तऱ्हा होती. वाकड्या अक्षराला ज्यांनी आयुष्यभर छड्या दिल्या, त्यांचं वळणदार अक्षर त्याला पटेना. "ह्याला शाळंत कुणी घातलं न्हाई वाटतं," अप्पा म्हणायचे. पण दुपारभर गिरवून शिकले.

का शिकले ते मला नंतर कळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याला ऑपरेशन ठरलं होतं. दादाला आम्ही नुसतं 'पाय मुरगळलाय' एवढंच सांगितलेलं, कारण अप्पांचाच हुकूम: "त्याला कामातनं उठवू नका." फोनवर त्या बापलेकांचं बोलणं म्हणजे "बरंय का?" "बरंय." की फोन आईकडं. आणि आता अप्पा मला हळूच विचारत होते, "ह्याच्यातनं त्याला पत्र जातंय का?"

"जातंय की. सांगा, मी लॅपटॉपवर लिहिते."

"नको. मी लिहिलंय. तू वाचायचं न्हाई."

मला राग आला. दिवसभर स्टुलापाशी मी बसायचं आणि पत्र गुपचूप! पण त्यांचं तोंड बघितलं आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं. ऑपरेशनच्या आधी ते दादाला पोचायला पाहिजे होतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

ती खंडेनवमीची संध्याकाळ होती. आईनं सकाळीच विळी, खुरपं, शिलाई मशीन, माझी स्कूटी, सगळं पुजलं होतं. लॅपटॉपवर झेंडूचं फूल. "पुजलेल्याला आज हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "आई, जरुरीचं हाय," म्हणत मी फूल काढून ठेवलं आणि लॅपटॉप चालू केला.

कनेक्शन लागेना. आज्ञा तपासल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला, दादाला शिव्या घातल्या, लिनक्सच्या सात पिढ्या उद्धरल्या. फोनची तार ठीक, इंटरनेट येत होतं, पामटॉपपर्यंत तेवढं जात नव्हतं. अप्पा हात एवढे घट्ट धरून होते की बोटं पांढरी पडली.

"बघ, म्हणलं होतं की न्हाई," आई दारातनं म्हणाली. "सकाळी कसं मन लावून लावलं मी त्याला."

"काय लावलंस?"

"कुंकू. मशीनला कपाळ कुठलं असतंय? ती तांबडी टिकली दिसली, तिथंच लावलं."

मी वाकून बघितलं. काच तांबडी, कुंकूही तांबडं, ओलं कालवून जाडसर लावलेलं आणि वाळून घट्ट बसलेलं! मी फडकं घेतलं, तर आईनं हात धरला. "कुंकू फडक्यानं पुसतात का, येडे?" मग अप्पांकडं बघितलं, बोट ओलं करून काच निपटून घेतली आणि ते बोट अप्पांच्या कपाळाला लावलं. एरवी अप्पांनी हात झटकला असता. पामटॉप धरलेला, करतात काय!

लागलं. पत्र गेलं.

दसऱ्याला सकाळी अप्पांनी चहाच्या आधी कनेक्शन मागितलं. उत्तर आलेलं होतं. त्यांनी वाचलं, बराच वेळ वाचलं. आणि ज्याला हात लावू देत नव्हते, तो पामटॉप माझ्यापुढं धरला. इंग्रजी अक्षरांत मराठी, दोनच ओळी होत्या.

'अप्पा, भीती मला पण वाटायलीय. निघालोय.'

तीन गावची पोरं ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं गप्प व्हायची, त्या आमच्या बापाला भीती वाटत होती. आम्ही दोघी रात्रंदिवस उशाशी होतो, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"काय म्हणतोय?" आईनं स्वयंपाकघरातनं विचारलं.

अप्पाच म्हणाले, "यायलाय म्हणं." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.