भिंतीकडची बाजू

आमच्या घरात पन्नासेक वर्षं गाण्याची एक तबकडी होती आणि ती वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं. यात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण ती तबकडी देव्हाऱ्यात होती. बाळकृष्णाच्या मागं, भिंतीला टेकून. आजोबा आंघोळ करून ओलेत्यानं पूजा करायचे आणि सगळ्या देवांचं आटोपलं की तिलाही हळद-कुंकू लावायचे. मंगळवारी झेंडूचं फूल, नवरात्रात माळ. दहावीच्या गणिताच्या पेपरला जाताना मी तिच्याही पाया पडलो होतो. पास झालो, पण मार्क बघता तिनं फारसा जोर लावला नसावा.

ती आली आईच्या रुखवतात. आईचं माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या मुरुमचं. तिच्या वडिलांचं तिथं कापडाचं दुकान होतं आणि दुकानात गिऱ्हाइकांच्या करमणुकीला रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. लग्नाआधी आईनं ही एकच छोटी तबकडी, दोन बाजूंना दोन गाणी असलेली, इतक्यांदा लावली की वडिलांनी पोरीबरोबर तीही सासरी पाठवून दिली. यंत्र मात्र ठेवून घेतलं. ते कामाचं होतं.

बेंबळीजवळच्या आमच्या गावी रुखवताची पेटी उघडली, तेव्हा कुरडया-पापडांच्या डब्यांत ही काळी तबकडी निघाली. आजोबांना गाण्याचं वावडं. भजन सोडून बाकीचं गाणं म्हणजे वाया गेलेल्या माणसांचा उद्योग, असं त्यांचं मत होतं आणि त्यांची मतं घरात कायदा म्हणून चालायची. तबकडीवरची अक्षरं कानडी. ती वाचता येणारं घरात एकच माणूस, आणि ते डोक्यावर पदर घेऊन खाली बघत उभं होतं.

"काय हाय यावर?" आजोबांनी विचारलं.

"देवीचं पद हाय, मामा," आई म्हणाली. सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात.

तुळजापूर हाकेच्या अंतरावर असताना देवीची तबकडी पेटीत कोण ठेवणार? आजोबांनी ती उचलून थेट देव्हाऱ्यात नेली. आईनं जे बोलून तबकडी वाचवली, तेच बोलून ती घालवलीही. आता ती उकिरड्यावर जाणार नव्हती, पण वाजणारही नव्हती. पुढं शेजाऱ्यांकडं यंत्र आलं, तेव्हा तिनं एकदा धीर करून विचारलं, तिकडं नेऊन ऐकून येऊ का? "देव काय उसना द्यायचा असतो व्हय?" आजोबा म्हणाले. माझे वडील म्हणाले, यंदा ज्वारीची रास झाली की आपलंच यंत्र घेऊ. रास दरवर्षी झाली. तिकडं माहेरी आईच्या भावानं दुकान नवं केलं आणि जुनं यंत्र भंगारात घातलं.

आईनं पुन्हा विषय काढला नाही. आजोबा गेले, तरी पूजा तशीच चालू राहिली. मी शिकलो, धाराशिवला नोकरीला लागलो, चारचौघांत स्त्रियांच्या मनाबद्दल बरं बोलतो अशी माझी ख्याती झाली. पण त्या तबकडीवर नेमकं काय आहे, तुला ते ऐकावंसं वाटतं का, हे आईला विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

यंदा देव्हाऱ्याला वाळवी लागली म्हणून मी धाराशिवहून गावी नवा संगमरवरी देव्हारा नेला. त्यात देवांपेक्षा दिवेच जास्त आहेत आणि ते सारखे डोळे मिचकावतात. देव हलवताना तबकडी हातात आली. माझी मुलगी पुण्यात शिकते. आमच्या पिढीनं भंगारात घातलेलं सगळं तिची पिढी ऑनलाइन मागवते आणि त्याला छंद म्हणते. तिच्याकडं बॅगेसारखं दिसणारं रेकॉर्डचं यंत्र आहे, आणि सुट्टीला येताना ती ते घेऊन आली होती.

"आजी, लावू या का?"

आई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "वाजंल का गं आजून?" तिनं असं काही विचारलं की मी नेहमीची टवाळी न करता तबकडी मुलीच्या हातात दिली.

पुढच्या बाजूवर कुंकवाचा थर होता आणि त्यावर समईचं तेल. मुलीनं मऊ फडक्यानं पुसलं आणि सुई टेकवली. वेग चुकला होता. आतनं एक जाड, संथ, कुरकुरता आवाज आला, अगदी आजोबांसारखा, आणि आईनं सवयीनं पदर सावरला. वेग बरोबर केला, तर एका बाईचं अर्धं "अम्मा" आणि पुढं नुसती खरखर. सुईच्या टोकाला लाल गोळी जमली होती. पन्नास वर्षांच्या भक्तीनं गाणं पार बुजवून टाकलं होतं.

"गेली गं आई," मी म्हणालो. मला आजोबांचा राग आला. मग स्वतःचा आला, तो जास्त होता.

आई मात्र शांत होती. "ती बाजू देवीची व्हती," ती म्हणाली. "पलटी कर."

मुलीनं तबकडी उलटली. मागची बाजू काळीभोर, चकचकीत. कुंकवाचा एक कणही नव्हता.

"देव्हारा दर येळी म्याच पुसत व्हते. ठिवताना देवीची बाजू पुढं, माजी भिंतीकडं. मामांशी खोटं न्हाय बोलले म्या. निम्मं बोलले."

ढोलकी वाजली आणि एका बाईनं ठसक्यात गायला सुरुवात केली. आईनं डोळे मिटले. तिचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. इतक्या वर्षांत एक ओळ विसरली नव्हती. मग ती हसायला लागली. पदर तोंडाशी न नेता, मोठ्यानं. असं हसताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं, आणि मला रडू आलं.

"काय म्हणतीय ती?" मी विचारलं.

"सून हाय. सासरा दिसातनं आठ येळा चहा मागतो. एकदा लई गोड झाला म्हनतो, एकदा फिका. शेवटी ती चुलीवर आधन ठिवती आन् जाऊन माहेरच्या यष्टीत बसती."

आजोबांनी या सुनेची ओलेत्यानं पूजा केली होती. आणि पूजा झाली रे झाली की स्वयंपाकघराकडं तोंड करून चहाची हाक मारली होती, रोज.

ढोलकी ऐकून वडील ओसरीवरून आत आले. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि यंत्राला हात जोडले.

"देवीचंच हाय न्हवं?"

"व्हय," आई म्हणाली. तिची पापणीही हलली नाही.

वडील डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. मग नमस्कार सोडून म्हणाले, "बरं, जरा चहा टाक."

आईनं नातीला खूण केली. नातीनं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"टाकते," आई म्हणाली, "आदी गानं संपू द्या."

वडील कॉटवर बसले आणि गाणं संपायची वाट बघू लागले.