बोटीवर काढलेली बिजाई

मुंबईच्या बंदरावर आमच्या ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर चपला काढल्या. समोर ही भली थोरली बोट उभी. आत शिरायला पूल, पुलाच्या तोंडाशी गणवेशातली मुलं हात जोडून उभी. ह्यांनी भिंतीला लागून चपलांची जोडी नीट ठेवली, वाकून पुलाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि अनवाणी आत चालते झाले. मी मागे बॅगा सांभाळत होते, मला कसलं दिसतंय! आमच्या खोलीत पोचलो तेव्हा माझं त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं.

"अवो, चपला कुठं हायेत?"

"खाली ठेवल्या. डोंग्यात चपला घालून चढतेत का?"

मी कपाळावर हात मारला. ह्यांचं गाव बोदलकसा तलावाच्या काठचं. लहानपण मासेमारांच्या डोंग्यांत गेलं. तिथली रीत अशी की डोंग्यात पाय टाकायच्या आधी चपला काठावर काढायच्या, कारण पाणी म्हणजे माय, आणि मायच्या अंगावर कोणी चपला घालून चढत नाही. परत आलं की चपला तिथंच असतात. तलावाच्या काठावरून कोण नेणार?

"हा का डोंगा होय? याच्यात लिफ्ट हाय लिफ्ट!"

"लिफ्ट असली मनून का पाणी बदलते?" ते शांतपणे म्हणाले.

चपला आणायला जावं, तर तोवर पूल उचललेला होता. मग खोलीत ठेवलेल्या पांढऱ्या कापडी सपाता त्यांनी पायात घातल्या आणि तीन दिवस त्याच घालून सगळीकडे हिंडले, जेवणाच्या हॉलमध्येसुद्धा. एका बाईंनी त्यांना बोटीवरचे डॉक्टर समजून गुडघेदुखीवर औषध विचारलं. ह्यांनी एरंडाचं पान शेकून बांधायला सांगितलं. मी हसून हसून बेजार.

तर ही आमची ऐन नोव्हेंबरातली सहल. पुण्याच्या लेकीने तिकिटं काढून दिली होती, मुंबई ते गोवा आणि परत. मी तिरोड्यात शिवणकाम करते. मशीन थांबेल पण माझं तोंड थांबणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. बोटीवर तर मला ऊतच आला होता. संध्याकाळी वरच्या डेकवर गाणी लावली तेव्हा मी साडीचा पदर खोचून नाचले. होय, या वयात! ह्यांनी सपाता आपटत ताल धरला. जेवायला इतके पदार्थ की ताटात काय घ्यावं ते कळेना, आणि ह्यांनी सगळं सोडून भात घेतला. "तांदूळ चांगला जुना हाय," म्हणाले, "पण शिजवणाऱ्याले अक्कल नाई." मग कठड्याशी उभं राहून बराच वेळ समुद्राकडे पाहिलं आणि निकाल दिला, "एवढं पाणी, अन् धानाची एक बांदी भिजत नाई. काय कामाचं!"

खरं सांगते, त्या बोटीवर मला एकच गोष्ट हवी होती. ह्यांनी एकदा, फक्त एकदा, 'पुढल्या साली' म्हणावं.

मागच्या वर्षी ह्यांची बायपास झाली. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहात, कामाला लागा. पण ह्यांच्या मनाने कुठेतरी वेगळंच घेतलं. शेत दुसऱ्याला बटईने कसायला देऊन टाकलं. अंगावरचे शर्ट ढगळ झाले, मी टेप घेऊन मागे लागले तर माप देईनात. "हायेत ते पुरतीन," म्हणायचे. मी शिंपीण, अख्ख्या तिरोड्याला कपडे घालते, आणि माझा नवरा खांद्यावरून घसरणारा शर्ट घालून हिंडतो! राग यायचा. रागापेक्षा भीती जास्त वाटायची.

सगळ्यात लागलं ते बिजाईचं. आमच्याकडे खळ्यावर धानाची रास पडली की घरात दाणा जायच्या आधी बिजाई निघते, म्हणजे पुढच्या पेरणीचं बियाणं. भरल्या लोंब्यांचं धान वेगळं काढायचं, वाळवायचं, बांबूच्या ढोलीत भरून तिचं तोंड शेणाने लिंपायचं. यंदाचा भात अजून कोणी चाखलेला नसतो, तोच पुढल्या सालाची तजवीज होऊन जाते. हे काम ह्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही, मलाही नाही. आणि गेल्या हंगामात त्यांनी ते केलंच नाही. बटईवाल्याने विचारलं तर म्हणाले, "दुकानातून आण. पुढचं कोनं पायलं?" तेव्हापासून ढोली रिकामी आहे. तिच्यात आमची कोंबडी अंडी घालते.

गोव्याहून परत निघायच्या दिवशी सकाळी चहा पिताना मला ते टेबल दिसलं. मागे लक्षद्वीपचा मोठा फोटो, पुढे टापटीप बसलेली एक मुलगी. पुढची सफर इथेच बोटीवर ठरवली तर सवलत मिळते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. माझे डोळे लकाकले.

"अवो, चला ना, पुढल्या साली लक्षद्वीप पाहू!"

"हे तर सरू दे! बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी."

"आता ठरवलं तर स्वस्तात होते मनते ती."

"कायले पाह्यजे? एकदा पायलं, झालं. पुढचं कायले बोलून राहिली तू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिभेला हाड नसतं ते असं. "काऊन बोलू नोको?" मी म्हणाले. "खळ्यावर धान असतानाच बिजाई काढतेत ना? का सगळं खाऊन झाल्यावर काढतेत? तुमीच शिकवलं मले हे, अन् आता तुमीच ढोलीत कोंबडी बसवली!"

ह्यांनी कप खाली ठेवला आणि सपाता फटफटवत निघून गेले.

मी बसून राहिले. चहा निवला. आजूबाजूला लोक फोटो काढत होते, पोरं बोटीवरच्या पोहायच्या हौदात डुंबत होती, आणि मला वाटत होतं, गेली आपली सहल मातीत. आजारातून उठलेल्या माणसाला असं बोलतात का? स्वतःचाच राग आला. मी उठले आणि शोधायला लागले. खोलीत नाहीत, डेकवर नाहीत, भाताच्या टोपापाशीही नाहीत.

शेवटी सापडले ते त्या टेबलापाशी. माझ्याकडे पाठ होती. पुढे जायचं धाडस होईना, म्हणून मी खांबाआड थांबले. गोंदियाच्या बाजारात बोलतात त्या हिंदीत ते त्या मुलीला विचारत होते, पण आवाज इतका हळू की ह्यांचा वाटेना.

"बेटा, बायपासवाले को लेते क्या अगले साल?"

मुलगी हसली. "क्यों नहीं लेंगे, अंकल? अभी भी तो आप बोट पर ही हैं ना!"

ते खुर्ची ओढून बसले. माझा जीव भांड्यात पडला, आणि डोळ्यांना धारा लागल्या. हाच प्रश्न वर्षभर पोटात घेऊन हा माणूस हिंडत होता! डॉक्टरला विचारला नाही, मला विचारला नाही, आणि विचारला कोणाला, तर लक्षद्वीपच्या फोटोपुढे बसलेल्या पोरीला.

मुलीने पुढल्या नोव्हेंबरची तारीख सुचवली. "नवंबर मत दो," हे एकदम त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. "उस टाइम हमारे इधर धान चुरने का काम रहता है. मेरे बगैर नहीं होता." चुरणं म्हणजे मळणी; तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिने त्यानंतरच्या जानेवारीतली सफर काढून दिली. आमची दोन नावं लिहिली गेली. ते उठले, वळले आणि त्यांना मी दिसले.

"काऊन रडून राहिली?"

"कोण रडते? वारा लागला."

"पुढल्या खेपेले चपला पिशवीत घालून चढू," ते म्हणाले. "या सपातीनं पाय घसरते."

आम्ही वर डेकवर गेलो. किनारा अजून जवळ होता, फोनला रेंज होती. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि बटईवाल्याला लावला. समुद्रावर असलं तरी तिरोड्याला ऐकू जाईल इतक्या जोराने बोलायची त्यांची सवय. आजूबाजूचे वळून पाहायला लागले.

"चुरणं सुरू झालं का रे?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मंग थांबव. पहिलं धान घरी नेऊ नोको. मी परवा पोचतो, बिजाई माझ्या हातानं काढतो. अन् ढोलीतली कोंबडी हाकलजो, आतून शेणानं सारवून ठेवजो."

पलीकडून तो माणूसही काही कमी जोराने बोलत नव्हता. मला शब्द न् शब्द ऐकू आला. "काऊन जी? दुकानातून आणतो ना, मागच्यासारखं. तुमी कायले तरास घेता?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरून घसरलेला शर्ट वर ओढला.

"कायले म्हंजे?" ते ओरडले. "पुढल्या साली मले पेराचं नाई का?"