बंगळूरला घडलेला चांदीचा हात

कल्याणला उद्यान एक्स्प्रेस पकडली, तेव्हा बाबांचा हुकूम कानात घुमत होता, "नवं कर, पण खूळ नको."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे मराठी यहुदी. आमच्या गावच्या मशिदीत (प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो) दर शनिवारी बाबा तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतात. चर्मपत्राच्या त्या पवित्र गुंडाळीला बोट लावायचं नसतं, म्हणून वाचणारा 'याद' धरतो: टोकाला बोट रोखलेला इवलासा हात असलेली चांदीची काडी. हल्ली बाबांचा हात थरथरतो आणि काडी भलत्याच ओळीवर उडी मारते. आमची निम्मी माणसं इस्रायलला गेली. वाचणारं दुसरं कुणी नाही. "यंदाचे सण झाले की मी थांबतो," असं बाबा म्हणाले. म्हणजे गुंडाळी कायमची कपाटातच! मागे मुंबईच्या एका प्रदर्शनात मी बंगळूरच्या वनिताने घडवलेली समई पाहिली होती. दिसायला अगदी आजची, तरी समईच. तिलाच जुन्या यादचा फोटो पाठवला आणि बाबांच्या हातात स्थिर राहील अशी नवी घडवायला सांगितली.

बंगळूरला उतरले तर ऑगस्टात शाल पांघरावीशी वाटणारी हवा. रिक्षावाला "मल्लेश्वरम? कूतकोळ्ळी (बसा)," म्हणाला खरा, पण पत्त्यातला 'मेन' (मोठा रस्ता) कोणता आणि 'क्रॉस' (त्याला छेदणारा) कोणता या घोळात त्याने मला तेच देऊळ तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा मीही हात जोडले.

वनिताचं मराठी घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलणं कानडी वळणाचं. तिच्या आईने आधी चित्रान्न (लिंबू-शेंगदाण्याचा पिवळा भात) पुढे ठेवलं. "स्वल्प घ्या की अक्का," म्हणत तीनदा वाढलं. शाकाहारी घर, त्यामुळे दूध-मटण वेगळं ठेवायची आमची कटकट मिटली होती. मी निःशंक हाणलं.

मागच्या खोलीत वनिताने याद हातात दिली. काय देखणी होती! मागचा भाग भरीव, जड. "वजन असलं की हात कमी हलतोय," ती म्हणाली. बाबांना नीट दिसावा म्हणून पुढचा हात जरा मोठा घडवला होता. मी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि ओळीवर याद फिरवत हिब्रू वाचू लागले. दोन शब्दांतच अडखळले. चांदीची मिटलेली बोटं नेमकी पुढचं अक्षर झाकत होती.

"असं कसं?" वनिता गोंधळली. "मी रोज पेपरवर फिरवून बघितले की!"

"कुठल्या पेपरवर?"

"कन्नड पेपर. फोटोत उजवा हात होता, पण त्याची बोटं पुढचं झाकत होती. म्हणून मी सुधारून डावा केले."

मी कपाळावर हात मारला. आमची लिपी उजवीकडून डावीकडे जाते! उजव्या हाताची मिटलेली बोटं वाचून झालेल्या शब्दांवर येतात, पुढची वाट मोकळी राहते. यादचा हात उजवाच का, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. वनिता खळाळून हसली. "तुमच्या जुन्या लोकांनी आधीच विचार केलाय की! सरी (ठीक), वजन माझं, हात त्यांचा."

ती पुन्हा मेणाचा हात कोरायला बसली. ओतकाम होईपर्यंत माझा मुक्काम लांबला आणि चित्रान्नाचाही. निघताना तिच्या आईने याद स्वतःच्या धुतलेल्या खणात गुंडाळून दिली.

घरी बाबांनी ती उलटसुलट पाहिली. "जड आहे," एवढंच म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं!

शनिवारी मी बायकांच्या बाजूला श्वास रोखून बसले. सुरुवातीला याद थरथरली. मग तिचं वजन मनगटात उतरल्यासारखं झालं आणि चांदीचं बोट ओळ धरून सरकू लागलं. सावकाश, पण एकही ओळ न सोडता. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी परंपरा जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही असंच समजत होते. आता वाटतं, कुणीतरी तिच्याकडे "हे असंच का?" म्हणून पाहायलाही हवं.

वाचन संपवून बाबांनी गुंडाळी मिटली आणि उशिरा आलेल्यांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"सणांनंतरच्या पहिल्या शनिवारचा उतारा लांब आहे," ते म्हणाले, "वेळेवर या."