कपाटातल्या मार्कशिटा

ती घटना आजही मला तपशिलासकट आठवते, आणि सांगताना छाती थोडी फुगते हे आधीच कबूल करतो. मी तेव्हा नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या भागात पोलीस निरीक्षक होतो. एका गुरुवारी सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात खानावळ चालवणाऱ्या एक बाई एका मुलीचा हात धरून ठाण्यात आल्या.

"साहेब, हे पोरगी दोन दिवसापासून जेवून नाही राहिली. काहून ते तुम्हीच इचारा."

मुलगी पारशिवनीकडच्या एका खेड्यातली, आयटीची पदवी घेतलेली. वाडीतल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत एक सॉफ्टवेअर कंपनी चालत होती, तिथे ती वर्षभर कामाला होती. रुजू होताना मालकाने मार्कशिटा, पदवीचं प्रमाणपत्र अशी तिची मूळ कागदपत्रं ठेवून घेतली होती. कंपनीने कागद ठेवले म्हणजे नोकरी पक्की, असं समजून घरचे खूश झाले होते. आता तिला पुण्यात चांगली नोकरी लागली होती.

"सर, सोमवारी जॉईन व्हायचं आहे. ओरिजनल दाखवल्याशिवाय घेत नाहीत. आणि हे मले कागद देऊन नाही राहिले."

तक्रार नोंदवून मी मालकाला बोलावलं. माणूस फार अदबीने बोलणारा. माझा अनुभव असा, की खरं बोलणारा माणूस ठाण्यात थोडा तरी चिडतो. हा मात्र चिडतच नव्हता. "ती आमच्याकडे चाचणीला आली होती सर, नापास झाली. कागद कसले?" असं म्हणून त्याने कर्मचाऱ्यांची संगणकातून काढलेली यादीही दाखवली. तिचं नाव यादीत नव्हतं.

मी अडलो. माझं संगणकाचं ज्ञान एफआयआर टाईप करण्यापुरतंच. मालकाला बाहेर बसवून मी मुलीला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "कोणाचे कागद कुठे ठेवले त्याचं रजिस्टर कॉम्प्युटरवर मीच बनवलं होतं सर. त्याची हिस्ट्री पाहा. कोणी, कधी, काय बदललं ते सारं राहते. पुसलं तर पुसल्याचीबी नोंद राहते."

"म्हणजे आपली स्टेशन डायरी," मी म्हणालो. तिथेही खोडलेलं दिसतं आणि पान फाडलं तर क्रमांक तुटतो.

पंचांसमोर कंपनीचा संगणक ताब्यात घेतला. मुलीला मी त्याला हात लावू दिला नाही. ती सांगत गेली आणि सायबर शाखेचा हवालदार उघडत गेला. त्याच दिवशी सकाळी, मालकाच्याच नावाने, अठरा नावं पुसलेली निघाली. प्रत्येक नावापुढे जागा लिहिलेली होती : खालचं गोदाम, लोखंडी कपाट.

ती नोंद वाचून दाखवल्यावर मालकाने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. कपाटात अठरा पाकिटं होती. पंचनामा झाला, माल जप्त झाला. मी खुशीत होतो. मुलीला म्हटलं, "कागद सापडले. आता कोर्टाच्या परवानगीने मिळतील."

ती म्हणाली, "म्हणजे आधी त्यायच्यापाशी होते, आता तुमच्यापाशी."

हे वाक्य मला झोंबलं. तिचं म्हणणं खरं होतं. शुक्रवारी कोर्ट उघडायच्या आधी मी स्वतः अर्ज घेऊन हजर झालो. सत्यप्रती फाईलला लावून मूळ कागद सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, द्यावेत, अशी विनंती केली आणि दुपारपर्यंत आदेश हातात घेतला. पाकीट मिळाल्यावर मुलगी उठेल असं वाटलं होतं. ती ठाण्याच्या बाकावरच बसली.

"बाकीच्या सतरा जणायचं काय सर? त्यायले तर अर्ज कसा करायचा तेबी माहीत नाही."

संध्याकाळपर्यंत तिने प्रत्येकाला फोन लावला आणि सतराही अर्जांचे मसुदे टाईप करून दिले. शनिवारी ती पुण्याला गेली, सोमवारी रुजू झाली. पुढच्या पंधरवड्यात सगळ्यांचे कागद सुटले.

नोकरीत मला बक्षिसं मिळाली, पण सर्वांत जास्त अभिमान या अठरा पाकिटांचा वाटतो. गुन्हा उघडकीस आला की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, दर शनिवारी मुद्देमालाची खोली तपासताना मी कारकुनाला एकच प्रश्न विचारत असे : यातल्या कशावाचून कोणाचं अडलं आहे?