अक्कांनी न पाहिलेला भाग

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळची मालिका लागली होती. असोद्याहून पुतण्या बोलत होता. "काकू, अक्का गेली... जेवून पडली, ती उठलीच नाही." आज त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण लीलाअक्कांबद्दल चांगलंच बोलतो आणि मीही मान हलवते. पण खरं सांगायचं तर माझ्या या थोरल्या जावेवर मी अर्धा जन्म जळले. तेही एका टीव्हीपायी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी धुळ्याहून असोद्याला आले ती बी.ए. होऊन, अक्का चौथी शिकलेल्या. दोन वर्षांनी माझ्या वडिलांनी काळापांढरा टीव्ही पाठवला, लाकडी शटरचा. आळीतला पहिलाच. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक हिंदी कौटुंबिक मालिका लागायची, एकदा एक विनोदी. आज त्यांची नावंही कुणाला आठवायची नाहीत, पण तेव्हा पंधरा-वीस बायका हातातलं काम टाकून आमच्या ओसरीत जमायच्या. हिंदी कुणाला धड कळत नसे, म्हणून मी अर्थ सांगायचे. शुद्ध भाषेत, वाक्यागणिक. बायका जांभया द्यायच्या. तेवढ्यात म्हशीची धार काढून अक्का यायच्या, पदराला हात पुसत क्षणभर पडद्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "अवं माय, याची नोकरी गेली, अन् बायकोले काही सांगतच नही हा! रोज डबा घेऊन निघतो अन् बगिच्यात जाऊन बसतो!" की झालं. सगळ्या माना तिकडे. विनोदी मालिकेतला ढेरपोट्या घरमालक तर त्या असा चालून दाखवायच्या की बायका पोट धरून हसायच्या, आणि पडद्यावरचा खरा घरमालक बिचारा मागे एकटाच बोलत राहायचा. टीव्ही माझ्या माहेरचा, आणि सगळ्यांच्या पाठी टीव्हीकडे! सासूबाईंनीही एकदा सुनावलं, "लीले, तूच सांग व. हिचं ते पुस्तकासारखं वाटते." ते वाक्य मी कित्येक वर्षं गिळू शकले नाही.

त्या कौटुंबिक मालिकेचा शेवटचा भाग होता त्या दिवशी मी जळगावला मावशीकडे होते. तिच्याकडे बसून पाहिला. भांडून माहेरी गेलेली सून परत येतच नाही. सासू रिकाम्या झोपाळ्याकडे बघत बसते आणि मालिका संपते. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले ती कधी एकदा सगळ्यांना सांगते अशा घाईत, कारण असोद्यात आदल्या संध्याकाळी लाईट नव्हती, हे मला स्टँडवरच कळलं होतं. आता शेवट ठाऊक असलेली मी एकटीच! पण आळीत शिरते तर बायका आधीच शेवटाबद्दल बोलत होत्या. सासू म्हणे स्वतः सुनेच्या माहेरी गेली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माही चूक झाली, चाल घरी." बंद टीव्हीसमोर बसून अक्कांनी न पाहिलेला भाग सांगितला होता.

मी तणतणत घरात गेले. "अक्का, हे तुम्ही कुठं पाहिलं?" त्यांनी मला मनगटाला धरून बाजूला नेलं. "सुभद्राकाकू बसेल होती समोर. मी दुसरं काय सांगू? सकाळच्याच गाडीनं ती सावद्याले गेली. तिले काही बोलू नको, सुनंदा."

सुभद्राकाकू आमच्या शेजारच्या. वर्षापूर्वी भांडण होऊन त्यांची सून सावद्याला माहेरी गेली होती, आणि काकू तिचं नाव काढू देत नव्हत्या. मी गप्प बसायला हवं होतं. कळत होतं मला. पण संध्याकाळी काकू सुनेला घेऊन उतरल्या, आळीतल्या बायका गोळा झाल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि त्या सगळ्यांदेखत मी पुढे होऊन म्हणाले, "काकू, तो भाग मी पाहिलाय. ती सासू गेलीच नव्हती. सून परत आलीच नाही."

अक्कांनी मान खाली घातली. काकूंनी हातातली पिशवी सुनेकडे दिली, तिला घरात जायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "मंग त्या टीव्हीवाल्याहीचं चुकलं असन, बाई."

सगळ्या हसल्या. मी आठ दिवस अक्कांशी बोलले नाही. त्या मात्र रोजच्यासारखं माझं ताट वाढत राहिल्या...

पुढे ह्यांच्या नोकरीसाठी आम्ही जळगावला बिऱ्हाड केलं. रंगीत टीव्ही आला, केबल आली. असोद्यात घरोघर टीव्ही झाले, हिंदी सगळ्यांना कळू लागलं आणि अक्कांना कुणी 'तू सांग' म्हणेनासं झालं. ते ऐकून मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

गेल्या वर्षी साखरेनं अक्कांची नजर गेली. औषधपाण्यासाठी त्या चार महिने आमच्याकडे होत्या. "मले दिसत नही व. तू सांग," म्हणाल्या. आणि मी सांगायला बसले! रोज संध्याकाळी, त्यांच्या खाटेशी, चवीचवीनं. त्या हनुवटी वर करून ऐकायच्या आणि भलतंच विचारायच्या. "ती बोलताना उभी होती का बसेल?" "त्या नोकराच्या पायात काही होतं का?" मला वाटलं, एवढ्या वर्षांनी आता माझी पाळी आली.

एकदा दुपारी असोद्याच्या चार बायका त्यांना बघायला आल्या. मी चहा ठेवायला गेले, आणि खोलीतून अक्कांचा आवाज आला. आदल्या दिवशी मीच त्यांना सांगितलेला भाग त्या सांगत होत्या. ज्या नोकराला मी एका वाक्यात संपवलं होतं, त्याला अक्कांनी म्हातारी आई दिली होती, तिला खोकला दिला होता, आणि रजा मागायला तो मालकाच्या दारात अनवाणी ताटकळत होता. बायका डोळे पुसत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे चहा उतू गेला, आणि मी सांडशी हातात घेऊन खोलीच्या दारात उभी. तोंडातून निघून गेलं, "मग, अक्का? मिळाली का त्याला रजा?"

त्यांनी आवाजाच्या रोखानं चेहरा वळवला. "मले काय इचारते व? तूच तं पाह्यलं!" आणि अशा काही हसल्या...

नंतर हट्टानं असोद्याला परत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात तो फोन आला. ती मालिका अजून चालू आहे. दुपारी चहाला आधण ठेवलं की माझे पाय त्या खोलीच्या दाराकडे वळतात. एकही भाग मी चुकवलेला नाही. पण त्या नोकराचं पुढे काय झालं, ते काही कळत नाही.