पंचाचं ताट

शेवभाजीच्या रश्श्याचा वास आला की मला नव्वदीतलं सुरत आठवतं. कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून गेलो होतो. खेळाडू संध्याकाळी घोळक्यानं चांगली हॉटेलं शोधत हिंडायचे. पंचानं मात्र कुठल्याच संघासोबत जेवायचं नाही, हा आमच्यातला नेम. रोज एकट्यानं लोचो नाहीतर फाफडा खाऊन कंटाळलो आणि अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी लिंबायतमध्ये, यंत्रमागांच्या खडखडाटात, एक खानदेशी खानावळ सापडली. कळण्याची गरम भाकरी, लालभडक रस्सा, फोडलेला कांदा. दोन घास खाल्ले नाहीत तोच आमच्याच जिल्ह्याचा संघ खिदळत आत आला. “सर, इकडे या ना!” पोरं सरकून जागा करू लागली. उद्या त्यांच्याच सामन्यात शिट्टी माझ्या तोंडात असणार होती. मी उठून हात धुतला. “भाऊ, आर्ध ताट टाकीसन कथा चालना?” खानावळवाल्या मावशींनी अगदी घरच्या बोलीत विचारलं. अर्धं ताट तसंच टाकून मी पैसे ठेवले आणि कुठं जायचं ते न ठरवताच बाहेर पडलो. संघ दिसताच उठता यावं म्हणून तेव्हा मी दाराकडे तोंड करून जेवायचो. शिट्टी सुटून वर्षं झाली, अजून तसाच बसतो. पण “इकडे या ना” म्हणणारं कुणी आत येत नाही.