आईची उचकी आणि मुंबईचं पत्र

आधीच सांगतो, मी सायन्सचा मास्तर. भूत, चकवा, करणी... असलं काही ऐकलं की माझं टाळकं सरकतं. तरी हे लिहितोय, कारण गोष्ट माझ्या आईची आहे आणि ती माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे.

महाराष्ट्र होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. आम्ही मोताळ्याला राहायचो. आई चक्कर येऊन पडायची, म्हणून मुंबईला नेऊन तिला पेसमेकर बसवला होता – हृदयाला ठोके देणारं मशीन, आणि त्यातून निघून शिरेतून थेट हृदयात गेलेली वायर. आमच्याकडे हे इतकं नवं होतं की बाजाराच्या दिवशी बाया खास 'मशीनवाली' बघायला यायच्या.

महिन्याभरानं एका मंगळवारी आईला उचकी लागली ती थांबेचना. गावातल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून औषध दिलं. उपयोग शून्य.

मग माझी आत्या सरसावून बसली. "वहिनीची कोनीतरी आठवण काढून राह्यलं. नाव बरोबर आलं का थांबते."

झालं! एकेक नाव घ्यायचं, आईनं पाण्याचा घोट घ्यायचा. जानेफळचे मामा झाले, मावश्या झाल्या, व्याही झाले. बुधवारी दुपारी नातेवाईक संपले, उचकी तशीच. मी वैतागून म्हणालो, "आता त्या मुंबईच्या डॉक्टरांचं तेवढं राहिलं!"

उचकी थांबली.

पाच मिनिटांनी परत सुरू. मी मुद्दाम हेडमास्तरांचं नाव घेतलं, पोस्टमनचं घेतलं... काही नाही. डॉक्टरांचं घेतलं – बंद. असं तीनदा!

"तो डाक्टरच आठवून राह्यला," आत्या म्हणाली. "चाल, ने इले मुंबईले."

"उचकीसाठी मुंबई? आत्या, लोक हसतील."

"काऊन बे, लोक मोठे का माय मोठी?"

तिचं तोंड बंद करावं म्हणून मी आईची नाडी धरली. मोजली... पुन्हा मोजली. मशीन सत्तरवर लावलेलं, आणि हाताला चाळीसही लागेनात. संध्याकाळच्या एसटीनं मलकापूर गाठलं, तिथून रेल्वे.

गुरुवारी सकाळी आम्हाला दारात बघून डॉक्टर चकित झाले. "अहो, कालच तर टाकलं पत्र. इतक्यात पोचलं?"

"कसलं पत्र?"

त्यांनी आईची नाडी धरली आणि तडक एक्स-रे काढायला लावला. वायरचं टोक जागेवरून सरकलं होतं. मशीनचे झटके हृदयाला न बसता छातीखालच्या पडद्याला बसत होते, त्याची ती उचकी!

"हात वर केला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

आई छताकडे बघायला लागली. "लोणच्याची बरणी काढली व्हती... फळीवरची."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याच दिवशी वायर पुन्हा नीट बसवली आणि उचकी गेली. "आणखी दोन दिवस काढले असते तर..." डॉक्टर म्हणाले.

घरी आलो तर पत्र येऊन पडलेलं. तारीख बुधवारची. 'आज जेवताना सारखं मनात येतंय, आईंना डावा हात वर करू देऊ नका.' पेशंटला आपणहून पत्र लिहिण्याची त्यांची ती पहिलीच वेळ, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

उचकी का लागली ते सायन्सनं सांगितलं. त्यांचं नाव घेतल्यावर ती का थांबायची, हे मात्र मास्तर असूनही मला आजवर सांगता आलेलं नाही.

आई पुढे सतरा वर्षं जगली. नातवांसाठी लोणची तिनंच घातली, फक्त बरण्या खाली ठेवल्या. आता मला उचकी लागली की मी आधी नाडी बघतो. ठीक असली की दार लोटून घेतो आणि हळूच आईचं नाव घेतो.

थांबते हो...